केमिस्ट्रीत ‘रिसर्च मास्टर्स’: दोन वर्षं लॅबमध्ये नेमकं काय चालतं आणि ते कोणी करावं?

दोन मार्कशीट शेजारी शेजारी ठेवल्यात असं समजा. दोन्हींवर एम.एस्सी. केमिस्ट्री, दोन्हींवर फर्स्ट क्लास. पहिल्या मार्कशीटवाली मुलगी वर्षभर एकाच रेणूच्या मागे होती. कितीतरी वेळा रिॲक्शन फसली, शेवटी एकदा जमली, आणि का जमली हेही तिला सांगता येतं. दुसऱ्या मार्कशीटवाल्याने शेवटच्या महिन्यात सीनियरची जुनी फाइल समोर ठेवून प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप केला. कागदावर दोघं सारखेच दिसतात. पीएच.डी.च्या मुलाखतीत मात्र “प्रोजेक्टमध्ये काय केलंत?” हा पहिला प्रश्न आला, की पाच मिनिटांत फरक कळतो.

बी.एस्सी.चा निकाल लागला की बरेच जण विचारतात, “एम.एस्सी. कुठून करू?” रिसर्च करायचं असेल तर हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न म्हणजे, “कोणाच्या लॅबमध्ये, आणि किती तास?”

रिसर्च मास्टर्स म्हणजे काय?

मास्टर्सचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात लेक्चर, प्रॅक्टिकल, परीक्षा आणि जोडीला छोटा प्रोजेक्ट. दुसऱ्यात लेक्चर कमी आणि पदवीचा मोठा हिस्सा एका संशोधनावर. तुम्ही एका गाईडच्या ग्रुपमध्ये जाता, ज्याचं उत्तर अजून कोणालाच माहीत नाही असा एक प्रश्न घेता आणि शेवटी प्रबंध लिहून त्याचा बचाव करता.

‘उत्तर कोणालाच माहीत नाही’ ही इथली खरी गंमत आणि खरी अडचण. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये अज्ञात सॉल्ट ओळखायचं असतं, पण ते अज्ञात फक्त आपल्याला. बाटली भरणाऱ्या लॅब असिस्टंट काकांना उत्तर माहीत असतं. रिसर्चमध्ये काकांनाही माहीत नसतं आणि गाईडलाही नसतं.

आणि हो, घरी कोणी “मग एम.फिल. कर की” असं सुचवलं तर तो रस्ता आता बंद आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. संपवलं.

महाराष्ट्रात किती रिसर्च मिळतं? हिशोब करून बघू

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्य सरकारने २०२३ मध्ये जो क्रेडिटचा आराखडा दिला, त्यात दोन वर्षांची एम.एस्सी. ८८ क्रेडिटची आहे. त्यात रिसर्च मेथडॉलॉजीला ४, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ आणि रिसर्च प्रोजेक्टला १० क्रेडिट. हे १० म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला ४ आणि चौथ्याला ६.

एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम धरलं, तर रिसर्च प्रोजेक्ट होतो ३०० तासांचा. रोज सहा तास दिले तर ५० दिवस.

आता पुण्याच्या आयसरमध्ये या. तिथल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये शेवटचं वर्ष प्रबंधासाठी असतं. आठवड्याला पाच दिवस, रोज सात तास आणि वर्षाचे ४० आठवडे धरले तरी १,४०० तास होतात. (लॅबमध्ये बसणारी मुलं हा आकडा बघून हसतील. रविवार मी धरलेलाच नाही.) जर्मनीतली एम.एस्सी. बहुतेक ठिकाणी १२० क्रेडिटची असते आणि शेवटच्या सेमिस्टरमधला प्रबंध त्यातले ३०. तिथे एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं, म्हणजे प्रबंधाला ७५० ते ९०० तास.

३०० तासांत काही शिकता येत नाही असं नाही. पण नवा माणूस लॅबमध्ये आला की काचेची भांडी कुठे असतात, कोणतं सॉल्व्हंट कसं कोरडं करायचं, मशीनची वेळ कशी मिळवायची, यातच पहिले काही आठवडे जातात. ३०० तासांच्या प्रोजेक्टमध्ये हात बसतो आणि सेमिस्टर संपतं.

यूजीसीच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्याने एक दार उघडलंय. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये दुसरं वर्ष पूर्ण कोर्सवर्कचं, एक सेमिस्टर कोर्सवर्क आणि एक रिसर्च, किंवा पूर्ण वर्ष रिसर्च, असे तिन्ही पर्याय विद्यापीठांना देता येतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाची मास्टर्सही आहे. मात्र कागदावर पर्याय असणं वेगळं आणि तुमच्या कॉलेजने तो देणं वेगळं. प्रवेश घेताना “दुसऱ्या वर्षी पूर्ण रिसर्चचा पर्याय आहे का, आणि असेल तर किती जागा?” हे थेट विभागप्रमुखांना विचारा. प्रॉस्पेक्टसवर विसंबू नका.

बाकीचे रस्ते थोडक्यात. बारावीनंतर असाल तर आयसरची ॲप्टिट्यूड टेस्ट आहे. नेस्ट परीक्षेतून भुवनेश्वरजवळच्या नायसरमध्ये किंवा मुंबईत कालिना कॅम्पसवरच्या सीईबीएसमध्ये पाच वर्षांची इंटिग्रेटेड एम.एस्सी. करता येते. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीची एम.एस्सी. किंवा बंगळुरूच्या आयआयएससीची इंटिग्रेटेड पीएच.डी. गाठता येते. जॅमचा केमिस्ट्रीचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात असतानाच तो देता येतो, हे अनेकांना उशिरा कळतं.

लॅबमधला दिवस

समजा, तुम्ही ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आहात. सकाळी दहाला रिॲक्शन लावता. फ्लास्क रात्रभर ओव्हनमध्ये वाळवलेला, आत नायट्रोजन, कारण हवेतली ओल लागली तर सगळं वाया. दर अर्ध्या तासाने एक थेंब काढून टीएलसी घ्यायची. म्हणजे सिलिका लावलेल्या छोट्या पट्टीवर ठिपका द्यायचा, सॉल्व्हंट वर चढू द्यायचं आणि यूव्ही दिव्याखाली बघायचं. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका विरून नवा उमटला तर रिॲक्शन पुढे सरकतेय.

संध्याकाळी ती थांबवायची. सेपरेटिंग फनेलमध्ये पाण्याचा आणि सॉल्व्हंटचा थर वेगळा करायचा, आणि नेमका त्याच दिवशी मध्ये ताकासारखा पांढरा फेस होऊन बसतो, तो मिठाचं पाणी घालून फोडायचा. मग सॉल्व्हंट उडवून उरलेल्या राळेसारख्या पदार्थाचा कॉलम लावायचा. उभ्या काचेच्या नळीत सिलिका, वरून पदार्थ, त्यावर सॉल्व्हंट. खाली टेस्ट ट्यूबमागून टेस्ट ट्यूब भरत राहतात आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या नळ्यांत आपला पदार्थ आहे ते पुन्हा टीएलसीने शोधायचं. हात चुकला, कॉलमला तडा गेला, तर दिवस गेला.

मग एनएमआर. हे मशीन रेणूतले हायड्रोजन कुठे कुठे आहेत ते सांगतं. नवख्या विद्यार्थ्याचा एक ठरलेला किस्सा असतो. आलेखात ४.१२, २.०५ आणि १.२६ ला तीन देखणी शिखरं दिसतात. पोरगं आनंदाने गाईडकडे धावतं. गाईड एक नजर टाकून सांगतात, “हे इथाइल ॲसिटेट आहे.” म्हणजे कॉलमला वापरलेलं सॉल्व्हंट, जे नीट उडवलंच नव्हतं.

आता या कामाचं गणित बघा. रेणू पाच पायऱ्यांत बनतो आणि प्रत्येक पायरीत ७० टक्के पदार्थ हाती लागतो असं धरा. ७० टक्के ऐकायला चांगलं वाटतं. पण ०.७ ला पाच वेळा गुणा, उरतात जेमतेम १७ टक्के. रेणूचं वजन बदलत नाही असं मानलं तर १० ग्रॅमने सुरुवात करून हातात १.७ ग्रॅम. शेवटच्या पायरीला चूक झाली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. सीनियर मुलं पहिल्या पायरीचा पदार्थ बाटल्या भरभरून का करून ठेवतात, ते पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात समजतं.

सगळीच केमिस्ट्री अशी नसते. कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत फ्यूम हूड लागत नाही. रेणूंची गणितं संगणकावर होतात आणि ऑर्कासारखं सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतं. ज्या कॉलेजमध्ये एनएमआर नाही, तिथल्या विद्यार्थ्यासाठी हा रस्ता खरंच विचार करण्याजोगा आहे. आणि मशीन नसेल म्हणून हातपाय गाळायचीही गरज नाही. आयआयटी मुंबईतल्या ‘सैफ’सारख्या केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात. फक्त ते शुल्क कोण भरणार, हे आधी ठरलेलं असावं. कारण तो खर्च विद्यार्थ्याच्या खिशावर आला, की प्रोजेक्टचा आकार खिशाएवढा होतो.

विद्यापीठ मोठं की गाईड मोठा?

माझं मत स्पष्ट आहे, गाईड. रँकिंग विद्यापीठाला मिळतं, पण तुमचं वर्ष ज्या खोलीत जातं त्या खोलीत साधारण आठ-दहा माणसं असतात. नामांकित संस्थेत असाही ग्रुप असतो जिथे मास्टर्सच्या विद्यार्थ्याला वर्षभर पीएच.डी.वाल्यांसाठी सुरुवातीचा पदार्थ करून देण्यापलीकडे काम नसतं. आणि छोट्या शहरातल्या कॉलेजात असाही गाईड भेटतो जो रोज संध्याकाळी टीएलसी प्लेट बघायला येतो.

इथे पणाला काय लागलंय, ते समजून घ्या. तुमचा विषय गाईड ठरवतो. केमिकल मागवायची सही त्याची. प्रबंध पाठवायची परवानगी त्याची. आणि पुढे पीएच.डी.साठी, परदेशी अर्जासाठी जे शिफारसपत्र लागतं तेही त्याचंच. वर्षाच्या मध्यात पटलं नाही तर बदली मागणं नियमात कदाचित बसतं, पण चार महिने गेलेले असतात आणि विभागात सगळ्यांना कळलेलं असतं. लग्न ठरवताना दोन्हीकडचे नातेवाईक जेवढी चौकशी करतात, त्याच्या पाव हिश्शाचीही चौकशी विद्यार्थी गाईडबद्दल करत नाहीत. बहुतेक वेळा यादी लागते, नाव दिसतं, संपलं.

चौकशी करायची तर गाईडकडे नव्हे, त्यांच्या विद्यार्थ्यांकडे करा. तीही लॅबमध्ये नको, कँटीनमध्ये. याआधीची तीन मास्टर्सची मुलं आज कुठे आहेत? ग्रुपच्या पेपरमध्ये मास्टर्सच्या विद्यार्थ्यांची नावं लेखक म्हणून येतात का? केमिकल संपलं तर किती दिवसांत येतं? रिॲक्शन फसली की सर किंवा मॅडम काय म्हणतात? शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर गप्प बसला, तर ते उत्तरच समजा.

फसलेली रिॲक्शन हा गुन्हा मानणाऱ्या लॅबमध्ये अजून एक धोका असतो. तिथे विद्यार्थी आकडे ‘दुरुस्त’ करायला शिकतात. ५२ टक्के आलेलं यील्ड ७२ होतं. पुढच्या वर्षी दुसरा कोणी त्या आकड्यावर विसंबून सहा महिने घालवतो. मजकूर उचलण्याबद्दल यूजीसीचे २०१८चे नियम आहेत, १० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य सापडलं तर कारवाई सुरू होते. पण सॉफ्टवेअर वाक्यं पकडतं, बनवलेला आकडा पकडत नाही.

जिवाशी खेळ होऊ शकतो का?

होऊ शकतो. २९ डिसेंबर २००८ ला अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची संशोधन सहायक शेरी सांगजी टर्ट-ब्यूटिल लिथियम हे हवेत येताच पेट घेणारं रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, रसायन पेटलं. अंगात लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. १६ जानेवारी २००९ ला तिचा मृत्यू झाला. पुढे त्या लॅबच्या प्राध्यापकावर फौजदारी खटला दाखल झाला आणि जगभरच्या केमिस्ट्री विभागांत सुरक्षेचे नियम नव्याने वाचले गेले.

आपल्याकडे अजूनही काही ठिकाणी लॅब कोट म्हणजे व्हायवाचा गणवेश. लॅब बघायला गेलात की चार गोष्टी बघा. फ्यूम हूड चालतो का, की त्यात रिकाम्या बाटल्यांचं गोदाम झालंय? डोळे धुण्याचा नळ आहे का? वाया गेलेलं सॉल्व्हंट वेगळ्या कॅनमध्ये जातं की बेसिनमध्ये? रात्री लॅबमध्ये एकट्याने काम करायची मुभा आहे का? शेवटच्याचं उत्तर “हो, चालतं की” असं अभिमानाने मिळालं, तर सावध व्हा.

पैशांचं काय?

इथे कटू भाग येतो. भारतात मास्टर्सच्या पातळीवर नियमित पगारासारखा आधार फार थोड्यांना मिळतो. बारावी बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलं असेल, तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांपर्यंत आहे. आयआयएससीसारख्या ठिकाणी इंटिग्रेटेड पीएच.डी.ला विद्यावेतन मिळतं. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या ज्या फेलोशिपबद्दल आपण बातम्यांत वाचतो, त्या पीएच.डी.साठीच्या आहेत. एम.एस्सी.ला त्या लागू नाहीत, हे प्रवेश घेण्याआधी घरी सांगून ठेवा.

म्हणजे घरचा प्रश्न खराच आहे. दोन वर्षं लॅबमध्ये घालवणारा मुलगा दुपारी शिकवण्या घेऊ शकत नाही. लेक्चरवाल्या एम.एस्सी.त तो घेऊ शकतो. रिसर्चची ही छुपी फी कोणत्याच प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली नसते. मुलींच्या बाबतीत तर रात्री आठनंतर हॉस्टेलचं गेट बंद होतं आणि रिॲक्शन आठनंतरच संपते, हा प्रश्न वेगळाच.

चित्र बदलतं ते सीएसआयआर नेट-जेआरएफने. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाच ती परीक्षा देता येते. निवड झाली आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७ हजार रुपये, आणि वर घरभाडं.

बाहेर जायचं असेल तर

परदेशात ‘रिसर्च मास्टर्स’ हा एकच प्रकार नाही. कॅनडात प्रबंधावर आधारलेली एम.एस्सी. असते आणि केमिस्ट्रीत तिला बहुधा पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याच्या किंवा लॅबमधल्या कामाच्या बदल्यात पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये एमआरेस नावाची साधारण एका वर्षाची पदवी आहे, पण तिथे भारतीय विद्यार्थ्याला फी जबर पडते. अमेरिकेत केमिस्ट्रीवाले बहुतेक थेट पीएच.डी.ला जातात. मधेच सोडलं तर मास्टर्स पदरात पडते, त्यामुळे तिथे ती काही वेळा सांत्वनपर बक्षिसासारखी असते.

जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. अपवाद बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचा, तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. मात्र व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधी खात्यात दाखवावा लागतो, २०२४च्या सप्टेंबरपासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो होती. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ अशा रील बघताना हा आकडा लक्षात ठेवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मास्टर्सलाही आहे.

मग कोणी करू नये?

ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. लागतं. सीनियर कॉलेजसाठी एम.एस्सी.सोबत नेट किंवा सेट. दोन्हीकडे कोर्सवर्कची एम.एस्सी. चालते. तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभ, लोटे इथल्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला जायचं असेल, तर एचपीएलसी चालवता येणं, नोंदी अचूक ठेवता येणं याला किंमत जास्त. वर्षभराचा प्रबंध तिथे कोणी वाचत नाही. उलट कंपनीच्या आर अँड डीमध्ये नवीन रेणू बनवायला जायचं असेल, तर हाताने किती रिॲक्शन लावल्या हेच विचारतात.

आणि आपल्याला लॅब आवडते का, हेच माहीत नसेल तर दोन वर्षं पणाला लावायची गरज नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी रिसर्च फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये, विद्यावेतनासह. अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस निघतात, म्हणजे मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळीच्या आसपास वेबसाइटवर लक्ष हवं.

तेही जमलं नाही तर गाईडला मेल करा. “आदरणीय सर, मला आपल्या लॅबमध्ये काम करण्याची तीव्र इच्छा आहे” असा पन्नास जणांना एकदम पाठवलेला नको. त्यांचा एक पेपर वाचा, सगळा कळणार नाही, हरकत नाही. त्यातला न कळलेला एक मुद्दा नीट विचारा. मेल पाच-सहा ओळींचा, सोबत मार्कशीट आणि कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकता ते. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.